मंजुरीच्या अलीकडे आणि पलीकडे

बालाघाटाच्या पठारावर वसलेल्या धाराशिव जिल्ह्याची ओळख अवर्षणाचा, कोरडवाहू शेतीचा आणि मोसमी स्थलांतराचा प्रदेश म्हणूनच बहुधा करून दिली जाते, आणि नीती आयोगाने २०१८ साली देशातील आकांक्षित जिल्ह्यांची जी यादी सिद्ध केली तिच्यात नंदुरबार, वाशीम व गडचिरोली यांच्या पंक्तीस या जिल्ह्याचे नाव आल्यामुळे त्या ओळखीवर सरकारी शिक्काही बसला. परंतु एवढ्यावरून येथील माणसाच्या अंगी उद्यमशीलता नाही असे अनुमान जो काढील, त्याला या भूमीचा पूर्वेतिहास ठाऊक नाही असेच म्हणावे लागेल. तेरणेच्या काठी वसलेले तेर हे आजचे गाव म्हणजेच प्राचीन तगर; आणि इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी वृत्तान्तात, पैठणापासून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या या नगरातून साधे कापड, तलम मलमल आणि इतर माल गाड्यांवर लादून बिकट मार्गांनी भडोचच्या बंदरास जात असे, ही हकीकत नमूद आहे. इटलीतील पाँपेईच्या अवशेषांत जी हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली, तिच्याशी निकट साम्य असलेली मूर्ती तेर येथे मिळाली. पुढे याच गावी गोरोबाकाकांनी मडकी घडविली आणि अभंगही रचले. कारागिरी, कच्चा माल आणि दूरच्या पेठेची जाण ही या प्रदेशाला आज कोणी नव्याने शिकवावी अशी गोष्ट नव्हे.

मग उणीव कशाची? तगरचा विणकर आपले ठाण खांद्यावर टाकून एकटाच भडोचला जात नसे. त्याच्या पाठीशी श्रेणी, म्हणजे कारागिरांचा संघ, असे, वाटेवर तांडा नेणारा सार्थवाह असे आणि व्याजाने पैसा देण्याघेण्याची सर्वमान्य रीत असे. त्या सुमारास क्षत्रप राजाचा जावई उषवदात याने नाशिकच्या लेण्यांत जो लेख कोरविला, त्यात गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींपाशी तीन हजार कार्षापण ठेवल्याची नोंद आहे: दोन हजार दरमहा शेकडा एक व्याजाने आणि एक हजार दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. विणकरांचा संघ भिक्षुसंघासाठी ठेवलेल्या अक्षयनिधीची राखण करतो, तो पैसा आपल्या व्यवसायात खेळवितो आणि नियमित व्याज भरतो, याचा अर्थ कारागीर आणि भांडवल यांच्यामध्ये उभी राहणारी, दोघांच्याही विश्वासास पात्र अशी मध्यस्थ संस्था महाराष्ट्रात दोन सहस्र वर्षांपूर्वी नांदत होती. लघुउद्योगाच्या साहाय्यसेवा म्हणून आज आपण ज्यांचा उल्लेख करतो, त्यांचे मूळ प्रयोजन याहून वेगळे नाही. कर्ज आणि अनुदान ही त्यांची साधने होत. उद्योग करू इच्छिणारा माणूस आणि त्याला अनोळखी असलेले कचेरीचे, बँकेचे व बाजाराचे जग यांच्यामध्ये कोणीतरी भरवशाने उभे राहणे हे त्यांचे सार होय.

निजामाच्या अमदानीत या बाजूस सरकारचे लक्ष अगदीच नव्हते असे नाही. हैदराबाद संस्थानाने १९२९ साली इंडस्ट्रियल ट्रस्ट फंड स्थापून त्यातून उद्योगांस भांडवल पुरविण्याची तजवीज केली. परंतु त्या निधीचा ओघ प्रामुख्याने मोठ्या कारखान्यांकडे वळला आणि मराठवाड्याच्या या टोकाला, जेथे कसबी हात होते पण कारखानदार नव्हते, तेथे त्याचा ओलावा फारसा पोहोचला नाही. खेडुताला अडीनडीला सावकाराचे दार तेवढे उघडे होते. स्वातंत्र्यानंतर रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ साली ग्रामीण पतपुरवठ्याची जी देशव्यापी पाहणी केली, तिच्यात शेतकऱ्यांच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा अवघा ३.१ टक्के निघाला, तर सावकारांचा सत्तर टक्क्यांच्या आसपास. त्या पाहणीच्या संचालन समितीवर असलेले धनंजयराव गाडगीळ हेच पुढे, प्रत्येक जिल्ह्याची जबाबदारी एकेका बँकेवर सोपवावी, या विचाराचे प्रवर्तक ठरले आणि १९६९च्या अखेरीस रिझर्व्ह बँकेने अग्रणी बँक योजना अमलात आणली. दत्तात्रय गोपाळ कर्वे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९५५ साली ग्रामोद्योग व लघुउद्योग यांच्याविषयी अहवाल दिला होता. छोट्या उद्योगाला सरकारी यंत्रणेत जे स्थान लाभले, त्याच्या पायाभरणीत दोन मराठी अर्थशास्त्रज्ञांचा एवढा वाटा असावा, याची आठवण जिल्ह्याच्या कचेरीत खेटे घालणाऱ्या तरुणाला सहसा कोणी करून देत नाही.

जिल्हा उद्योग केंद्राचा जन्म त्यानंतरचा. २३ डिसेंबर १९७७ रोजी तत्कालीन केंद्रीय उद्योगमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांनी संसदेपुढे ठेवलेल्या औद्योगिक धोरणात, लघुउद्योजकाला जी जी मदत लागते ती एकाच छपराखाली मिळावी, यासाठी प्रत्येक जिल्ह्यात असे केंद्र उघडण्याचा संकल्प होता आणि पुढच्याच वर्षी तो प्रत्यक्षात आला. त्यापूर्वी परवाना एका खात्यात, कच्च्या मालाचा कोटा दुसऱ्यात, कर्जाची शिफारस तिसऱ्यात आणि यापैकी पुष्कळशी दप्तरे राजधानीत, अशी परिस्थिती असल्यामुळे परंड्याच्या किंवा उमरग्याच्या माणसाचा निम्मा उत्साह प्रवासातच मावळत असे. महाव्यवस्थापकाच्या हाताखालील हे केंद्र म्हणजे त्या काळी झालेली मोठी सुधारणा होती. त्याची उपयुक्तता पुढे घटली असे अनेकांस वाटते. मला तसे वाटत नाही. केंद्राचे काम बदलले आहे. नोंदणीसाठी आता तेथे जावे लागत नाही, कारण १ जुलै २०२० पासून ‘उद्यम’ नोंदणी घरबसल्या आणि विनामूल्य होते. परंतु प्रकल्पाची दरखास्त तपासून बँकेकडे रवाना करणे, अनुदानाच्या योजना राबविणे आणि अडलेल्या प्रकरणांचा पाठपुरावा करणे हे काम तेथेच चालते.

या योजनांपैकी ज्यांची चर्चा गावोगाव होते, त्या दोन. एक केंद्राची, २००८ साली सुरू झालेली पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम ही, आणि दुसरी तिच्याच धर्तीवर राज्याने २०१९ साली आणलेली मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम ही. पहिलीची रचना थोडी सविस्तर सांगितली पाहिजे, कारण तिच्याविषयीचा गैरसमज हाच पुष्कळ उद्योगांच्या नाशाचे कारण होतो. समजा, भूम तालुक्यातील एका गावी एखाद्या भगिनीने दुग्धपदार्थांचा नवा उद्योग काढण्याचे योजिले आणि जमिनीची किंमत वगळता त्याचा खर्च दहा लाख रुपये ठरला. ग्रामीण भागातील महिला म्हणून तिला पस्तीस टक्के, म्हणजे साडेतीन लाखांचे अनुदान देय आहे. स्वतःचे भांडवल पाच टक्के, म्हणजे पन्नास हजार. गावात बोलले जाते ते असे की सरकार साडेतीन लाख ‘देते’. वस्तुतः ती रक्कम तिच्या हाती पडतच नाही. बँक तिला साडेनऊ लाखांचे कर्ज मंजूर करते. अनुदान बँकेकडे येते ते तिच्या नावे तीन वर्षांच्या मुदत ठेवीत अडकून राहते. त्या रकमेवर ठेवीचे व्याज मिळत नाही आणि तेवढ्या कर्जावर व्याज आकारलेही जात नाही. आणि तीन वर्षांनंतर प्रत्यक्ष तपासणीत उद्योग चालू आढळला तरच ती रक्कम कर्जखाती जमा होते. म्हणजे हे अनुदान उद्योग काढल्याबद्दल मिळत नसून तीन वर्षे टिकविल्याबद्दल मिळते. ही तरतूद अत्यंत शहाणपणाची आहे, असे माझे मत आहे. पण ती अर्ज भरण्यापूर्वी अर्जदाराला शांतपणे समजावून सांगणारा माणूस भेटला तरच. तो भेटला नाही, म्हणजे साडेतीन लाख ‘आल्याचे’ गृहीत धरून घरातले लग्नकार्य उरकले जाते आणि हप्ते थकतात.

बँकेच्या दारात उभे राहताना दुसरी अडचण तारणाची. सूक्ष्म व लघुउद्योगांच्या दहा लाखांपर्यंतच्या कर्जास तारण मागू नये, असे बंधन रिझर्व्ह बँकेने २०१० साली बँकांवर घातले आणि अशा कर्जांना हमी देण्यासाठी २००० सालापासून स्वतंत्र हमी निधीही अस्तित्वात आहे. तथापि सातबारा आण, जामीनदार आण, असे सांगितले गेल्यास नियमाचा आधार घेऊन शाखाधिकाऱ्याशी नम्रपणे पण निश्चयाने बोलण्याचे धैर्य एकट्या अर्जदाराला कोठून यावे? जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली बँकांची जी सल्लागार समिती नियमित भरते, तेथे अशी प्रकरणे अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकामार्फत मांडता येतात, ही गोष्ट तर शिकलेल्या मंडळींनाही क्वचितच ठाऊक असते.

एकट्या अर्जदाराच्या पाठीशी उभा राहणारा सोबती या जिल्ह्याला लाभला तो कचेरीतून नव्हे, तर एका महाभयंकर आपत्तीतून. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात झालेल्या भूकंपाने लातूरप्रमाणेच या जिल्ह्यातील लोहारा-उमरगा भागाचीही दैना केली. सास्तूरसारखी गावे क्षणार्धात दगडामातीचे ढिगारे झाली. जागतिक बँकेच्या साहाय्याने जे पुनर्वसन पुढे सुरू झाले, त्यात पूर्ण पडलेली घरे नव्याने बांधण्याबरोबरच शेकडो गावांतील तडे गेलेली घरे मालकांनीच मजबूत करून घ्यावयाची होती, आणि सरकारी अनुदानाचे हप्ते, अभियंत्याची तपासणी, सिमेंटचे मोजमाप यांची सांगड प्रत्येक घराशी घालणारे कोणी यंत्रणेत नव्हते. प्रेमा गोपालन यांच्या पुढाकाराने आकारास आलेल्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने तेव्हा गावातल्याच स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून पुढे आणले. ज्या बायकांनी उंबरठ्याबाहेर पुरुषमंडळींसमोर कधी तोंड उघडले नव्हते, त्या अभियंत्याला पायाची खोली विचारू लागल्या, तहसिलीत जाऊन हप्ता का थांबला याचा जबाब मागू लागल्या आणि परतून गावसभेत त्याचा खुलासा करू लागल्या.

घरे बांधून झाली. पण या स्त्रियांच्या अंगी आलेले सामर्थ्य घरी जाऊन बसण्याजोगे राहिले नव्हते. बचत गट, गटांतून छोटी कर्जे, कर्जांतून दुकान, शेळ्या, डाळीची गिरणी, धूर कमी करणाऱ्या चुली व सौर कंदील यांची गावोगाव विक्री, अशी ही वाट पुढे गेली. अवर्षणाच्या वर्षांत याच जाळ्यातील शेतकरी स्त्रियांनी कुटुंबाच्या जमिनीतला अर्धा-एक एकर आपल्या निर्णयाखाली घेऊन कमी पाण्यावरची धान्ये, डाळी व भाजीपाला सेंद्रिय पद्धतीने पिकविण्याचा उपक्रम चालविला आणि त्या कार्यासाठी २०१६ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे ‘इक्वेटर’ पारितोषिक संस्थेस प्राप्त झाले. प्रेमाताई २०२२ साली निवर्तल्या. त्यांच्या कार्यातून निघणारा बोध या प्रकरणाच्या विषयाशी थेट निगडित आहे: साहाय्यसेवेचे खरे केंद्र जिल्ह्याच्या ठिकाणी नसून गावात असते, आणि उद्योजिकेची उत्तम मार्गदर्शक ती, जी दोन वर्षांपूर्वी स्वतः त्याच बँकेच्या बाकावर बसून आली आहे.

शासनाच्या यंत्रणेनेही हे तत्त्व पुढे पुष्कळ अंशी आत्मसात केले. महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, हे तर १९७५ सालापासूनचे. बचत गटांच्या स्त्रियाच ज्यांचा कारभार पाहतात ती लोकसंचालित साधन केंद्रे ही त्याची विशेष देणगी. २०११ पासून ‘उमेद’ अभियानाने गट, ग्रामसंघ, प्रभागसंघ अशी उतरंड उभी केली आणि बँक सखी, कृषी सखी, पशुसखी या नावांनी गावातल्या प्रशिक्षित स्त्रिया कामाला लावल्या. फिरत्या निधीच्या थोड्याशा रकमेतून शेळ्या घेणाऱ्या स्त्रीला पशुसखी वेळेवर लस टोचून देते, हे साहाय्य अनुदानाच्या आकड्यात दिसत नाही. पण ज्या काळ्याभोर, काटक उस्मानाबादी शेळीने जिल्ह्याचे जुने नाव देशभर पोहोचविले, तिच्या पालनात नफा की तोटा याचा निकाल बहुतेक वेळा त्या लसीवरच लागतो.

प्रशिक्षणाच्या बाबतीत ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांचा, आरसेटीचा, उल्लेख अवश्य केला पाहिजे. कर्नाटकातील उजिरे येथे १९८२ साली धर्मस्थळाचे वीरेंद्र हेगडे यांनी सिंडिकेट व कॅनरा या दोन बँकांच्या सहकार्याने जी संस्था काढली, तिचे अनुकरण म्हणून या संस्था देशातील जिल्ह्याजिल्ह्यांत निघाल्या. राहणे, जेवण व शिक्षण मोफत. अभ्यासक्रम काही दिवसांपासून दीड महिन्यापर्यंतचे. आणि शिकून गेलेल्यांचा पाठपुरावा दोन वर्षे. प्रशिक्षण थोडक्या दिवसांचे व सोबत दीर्घकाळची, ही जी विभागणी तिथे केली आहे, ती मला या सबंध विषयातली सर्वांत मोलाची कल्पना वाटते. कोरडवाहू शेतमालावर प्रक्रिया करू इच्छिणाऱ्यास तुळजापूरचे कृषी विज्ञान केंद्रही जवळ आहे. व्याजपरताव्यासाठी अण्णासाहेब पाटील आर्थिक मागास विकास महामंडळ, अवजारांसाठी व कारागिरांच्या सवलतीच्या कर्जासाठी १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेली विश्वकर्मा योजना, तारणाविना छोट्या कर्जासाठी मुद्रा, अशी आणखीही दारे आहेत. त्यांचे तपशील त्या त्या कचेरीत विचारून घ्यावेत, कारण मर्यादा व मुदती वरचेवर बदलतात.

आता मंजुरीच्या पलीकडचा, म्हणजे सर्वांत उपेक्षित असा भाग. कुंथलगिरीचा खवा हे त्याचे उत्तम उदाहरण. भूम तालुक्यातील हे जैनांचे सिद्धक्षेत्र; त्याच्या भोवतालच्या माळरानावर चरणाऱ्या जनावरांच्या दुधाचा खवा आणि पेढा यांची कीर्ती इतकी की, अलीकडे खव्यास भौगोलिक मानांकनही लाभले. चार-पाच लिटर दूध आटवून एक किलो खवा निघतो. लाकूडफाट्याचा खर्च, भट्टीपुढची धग आणि धूर हे सर्व सोसून तयार झालेला हा माल नाशवंत. शीतगृह हाताशी नसल्यास सायंकाळी व्यापारी जो भाव सांगेल तो मान्य करण्यावाचून भट्टीवाल्यास गत्यंतर नसते. येथे एकेका भट्टीला स्वतंत्र कर्ज देऊन काय साधणार? धूरविरहित भट्ट्या, शीतगृह, तपासणीची प्रयोगशाळा व बांधणी यांची सोय शंभर घरांना मिळून एकत्र उभारता येते, आणि समूह विकास योजनांतील सामाईक सुविधा केंद्राची तरतूद नेमकी याचसाठी आहे. तुळजापुरात भवानीच्या दरबारी विकली जाणारी कवड्यांची माळ घ्या, वा कळंब-वाशीकडची तूर-उडदाची डाळ घ्या; माल चांगला आहे, परंतु त्यावर गावाचे नाव घालून, खाण्याचा असल्यास अन्न नोंदणीचा क्रमांक छापून तो सोलापूर, लातूर किंवा पुण्याच्या पेठेत स्वतःच्या भावाने ठेवणे, हे एकट्याचे काम नव्हे.

उधारी हा पलीकडचा दुसरा काटा. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायद्यानुसार सूक्ष्म वा लघुउद्योगाचा माल घेणाऱ्याने करारात काहीही लिहिलेले असले तरी पंचेचाळीस दिवसांच्या आत पैसे चुकते केले पाहिजेत. न केल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज देणे त्यावर बंधनकारक होते आणि वसुलीसाठी सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. इतका धारदार कायदा हाती असताना आपले छोटे उत्पादक वर्ष वर्ष पैशांची वाट पाहतात, कारण उद्यम नोंदणी आधी केलेली नसते, किंवा मालाची पावती कच्च्या चिठ्ठीवर असते. पक्की पावती लिहावयास शिकविणारी एक बँक सखी ही माझ्या मते एका नव्या योजनेपेक्षा अधिक उपयोगाची आहे. आणि जिल्ह्याच्या नियोजनात पैसा घालावयाचाच असेल तर तो आणखी एका अनुदानापेक्षा अशा शंभर सख्यांच्या मानधनात घालावा.

जिल्ह्यातील ज्या वाचकाच्या मनात उद्योगाचा विचार घोळत असेल, त्याने वा तिने प्रथम आपल्या ग्रामसंघात किंवा आरसेटीत जाऊन तीन वर्षे टिकलेला त्याच धंद्यातला माणूस गाठावा, त्याची जमाखर्चाची वही पाहावी आणि मग जिल्हा उद्योग केंद्राची पायरी चढावी. ज्यांची भट्टी, गिरणी वा कांडप आधीपासून चालू आहे, त्यांनी २०२० साली निघालेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेची चौकशी कृषी खात्याकडे करावी. तिच्यात चालू उद्योगाच्या वाढीसाठीही पस्तीस टक्के, कमाल दहा लाखांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे आणि कागदपत्रे करून देण्यासाठी जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेल्या असतात. रोजगार निर्मिती कार्यक्रमाकडे मात्र नव्याने उद्योग काढणाऱ्यानेच वळावे, आणि दरखास्त मंजूर होण्यापूर्वी यंत्राचा बयाणा देऊ नये. आधीच सुरू झालेल्या उद्योगास त्या योजनेचे पहिले अनुदान मिळत नाही.